पाचशे पौंड, एक खोली आणि टुल्लू

व्हर्जिनिया वूल्फ यांचं म्हणणं असं, की बाईला लिहायचं असेल तर तिच्याकडे वर्षाला पाचशे पौंड हवेत आणि आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली हवी. 1929 साली हे पुस्तकात छापून आलं आणि तेव्हापासून जगभरच्या एम. ए.च्या मुली त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारत आल्या. मीही मारली. माझ्या प्रतीत त्या रेघेशेजारी मटाराचा हिरवा डाग आहे. तो कसा पडला ते पुढे येईलच.

आधी पैशांचं बघू. निबंधात जी बाई बोलते तिला हे पाचशे पौंड आत्याकडून मिळतात. आत्या मुंबईत घोड्यावरून हवा खायला निघाली, पडली आणि गेली. जाताना भाचीच्या नावे दरसाल पाचशेची तहहयात सोय करून गेली. त्याच सुमारास इंग्लंडात बायकांना मताचा हक्क मिळाला होता. मत आणि पैसा या दोहोंत आपल्याला पैसा कितीतरी मोलाचा वाटला, असं ही भाची न लाजता सांगते. तिचा हा प्रांजळपणा मला फार आवडला. माझीही आत्या मुंबईकडेच असते, डोंबिवलीला. पण ती घोड्यावर बसत नाही, लोकलमध्ये उभी राहते. दिवाळीला पाकिटात पाचशेची नोट आणि वर एक रुपया घालते. पौंड नसले तरी पाचशेचा आकडा तिनं नेमका राखलाय.

आमच्या मध्य प्रदेशात मत आणि पैसा यांचा असा योग 2023 मध्ये आला. विधानसभेच्या निवडणुकीचं वर्ष होतं आणि लाडली बहना योजना सुरू झाली. महिन्याला हजार रुपये थेट बाईच्या खात्यात. मतदान जवळ येईतो त्याचे साडेबाराशे झाले. योजना विवाहित बायकांसाठी आहे. विधवा चालते, घटस्फोटित चालते, नवऱ्यानं टाकलेलीही चालते. म्हणजे नवरा असावा, किंवा निदान होऊन गेलेला असावा. ज्यांनी अजून त्या भानगडीत पाऊलच टाकलं नाही, त्यांना सरकार म्हणतं, आधी तेवढं उरकून या.

आमच्या शेजारच्या चाचीला पैसे मिळतात. दहा तारखेच्या आसपास ती मोबाइल घेऊन माझ्याकडे येते. ‘बिटिया, देख तो, आ गए?’ आले म्हटलं की मेसेज लगेच पुसून टाकायला सांगते, चाचाजींनी पाहायला नको म्हणून. चाचाजींना तारीख पाठ आहे. एकदा बसून मी हिशेब मांडला. 1927 पासून रुपयाचा भाव दीड शिलिंग ठरलेला होता. त्या दरानं वूल्फबाईंच्या पाचशे पौंडांचे झाले सुमारे 6,666 रुपये. चाचीचे तेव्हाच्या साडेबाराशेच्या हिशेबानं वर्षाला 15,000. म्हणजे निव्वळ आकड्यांत आमच्या चाचीनं लंडनला केव्हाच मागे टाकलंय. तेव्हा त्या पैशांत काय यायचं आणि आता काय येतं, हा अर्थशास्त्राचा पेपर झाला. माझा विषय समाजशास्त्र आहे.

राहिली खोली.

आम्ही राहतो ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात. ग्वाल्हेरचे मराठी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना लष्कर भागातले वाडे दिसायला लागतात: सरदार, जहागीरदार, चिटणीसांची गोठ, दिवाणखान्यात टांगलेली तलवार. आमचे आजोबा तलवारीच्या नाही, हजेरीपटाच्या जोरावर इथे आले. बिर्लांच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत जे. सी. मिलमध्ये, ते टाइम ऑफिसला होते. पुढे 1947 मध्ये बिर्लांनीच ग्वाल्हेर रेयॉन काढली आणि ‘ग्वालियर सूटिंग’च्या जाहिराती देशभर लागल्या. हजिऱ्यापलीकडची ही सगळी वस्ती भोंग्यावर उठायची. जे. सी. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, भोंगा गेला, पण पत्ते अजून ‘लाइन नंबर अमुक’ असेच आहेत. लाइन म्हणजे कामगारांच्या घरांची ओळ. एका ओळीत सगळी घरं सारखी, आणि एका घरात सगळी माणसं एकत्र. वास्तुविशारदाच्या डोक्यात लिहिणारी बाई बहुधा आली नसावी.

घर तसं आमचं वाढवलेलं आहे. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे अंगणावर पत्रे टाकून काढलेली एक छोटी खोली. ही चौथी माझ्या भावाची. तो ‘तयारी’ करतो. पटवारी, पीएससी, पोलीस उपनिरीक्षक, जी जाहिरात निघेल तिची. तयारी करणाऱ्या मुलाला दार बंद लागतं, हे आमच्या लाइनीत सर्वमान्य आहे. मी मात्र ‘शिकते’. शिकणं उघड्यावर होतं. माझ्या एम. ए.बद्दल घरात सगळ्यांना कौतुक आहे, पण ते ‘काहीतरी चालू असलेलं बरं’ या जातीचं.

मला वाचायला कोणी मनाई करत नाही, हे आधी स्पष्ट करते. उलट आई सगळ्यांना दटावते, ‘ती वाचून राहिली आहे, आवाज नका करू.’ मग आवाज न करता सगळे माझ्याभोवती येऊन बसतात. जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी हाडं मोजते आणि हीटर घरात एकच, मधल्या खोलीत. तिथे आजीची गादी, बाबांची आरामखुर्ची, आईची परात आणि एका कोपऱ्यात मी. त्या दिवशी मी नेमकी स्वतःच्या खोलीबद्दलच वाचत होते. आईनं पाच किलो मटार पसरले. इकडे हिवाळ्यात मटार किलोवारी नाही, पोत्याच्या मापात घरात येतो. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘डोळे वाचून राहिलेत ना? हात रिकामे आहेत तुझे.’

यावर स्त्रीवादाकडे उत्तर नाही. शोधून पाहा. सिमोन द बोव्हुआर यांनी 1949 मध्ये बाई घडवली कशी जाते ते दोन खंडांत लिहिलं, पण वाचताना बाईचे हात कुठे असावेत याबद्दल त्या काही बोलत नाहीत. मी सोलायला लागले. पान उलटायला करंगळी वापरायची हे तंत्र साधेपर्यंत डाग पडला होता. भाऊ तेवढ्यात दार उघडून आला, मूठभर दाणे तोंडात टाकले, ‘काय वाचतेस?’ विचारलं आणि उत्तराच्या आत परत जाऊन कडी लावली. तो वाईट नाही. त्याला दार आहे, एवढंच.

बाबा स्वतःला पुरोगामी समजतात आणि बऱ्याच अंशी आहेतही. त्यांनी मला स्कूटी घेऊन दिली, मोहल्ल्यात त्यावर चर्चा झाली तेव्हा बाबा माझ्या बाजूनं भांडले. मुरैना जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 829 मुली निघाल्या, तो आकडा ते अजून चिडून सांगतात. मुरैना इथून तासाभरावर आहे. पण परीक्षेच्या आधी माझी हिंदी गाइड त्यांच्या हाती लागली. तीत स्त्रीवादाचे प्रकार दिले होते: उदार, समाजवादी, उग्र. बाबांनी चष्मा वर केला. ‘हे तिसरं परीक्षेपुरतंच आहे ना?’

मी म्हटलं, पंधरा मार्कांना आहे. पंधरा मार्कांपुरतं त्यांनी चालवून घेतलं.

याच गाइडमध्ये मेरी वोलस्टोनक्राफ्ट आहेत, मिल आहेत, अख्खा युरोप आहे. ताराबाई शिंदे नाहीत. बुलढाण्याची ही बाई 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ नावाचं पुस्तक छापते; सुरतेच्या एका विधवेला शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर अकलेचे तारे तोडले, त्यावर ती असली चिडते की पुरुषजातीचा एकेक गुण नावासकट बाहेर काढते. मी उत्साहानं आजीला हे सगळं सांगितलं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘शिंदे? म्हणजे महाराजांपैकी का गं?’ ग्वाल्हेरमध्ये शिंदे आडनावाची पहिली चौकशी हीच होते. महाराजांपैकी नाही म्हटल्यावर तिचा रस थोडा ओसरला, पण जाता जाता म्हणाली, ‘बरोबरच बोलली असेल. छापून आलं हे विशेष. बोलायचो तर आम्ही सगळ्याच.’

आजीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्या घरात खोलीचा प्रश्न सोडवलेली ती एकटी बाई आहे. तेही खोलीशिवाय. सकाळी अंघोळ झाली की ती सोवळ्यात असते. तिला शिवायचं नाही, हाक मारायची नाही, काही मागायचं नाही. मधल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर पाट टाकून ती बसली की दीड-दोन तास तेवढा कोपरा तिचा. बाबा ऑफिसला निघताना रुमाल सापडत नसला तरी तिला विचारत नाहीत. सोवळ्याओवळ्यावर मी एक टिपण केलं होतं, शुद्धाशुद्धतेच्या कल्पना आणि बाईच्या शरीरावरचं नियंत्रण वगैरे. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण एके दिवशी देव्हाऱ्याखालचा फडताळाचा कप्पा पुसताना पोथीच्या लाल कापडात मला ‘मेनका’ मासिकाचे जुने अंक मिळाले. गुंडाळी नीट, गुरुचरित्राच्या जाडीची. मी आजीकडे पाहिलं. आजी जप करत होती. माळ न थांबवता तिनं मला डोळ्यांनी खूण केली, होतं तसं ठेव.

तेव्हापासून मी घरातल्या बायकांकडे नव्यानं बघायला लागले. खोली कोणालाच नाही. प्रत्येकीकडे एकेक निमित्त आहे. आई कोथिंबीर आणायला हजिऱ्याच्या मंडीत जाते. कोथिंबीर दाराशी ठेल्यावर येते, तिथली शिळी असते म्हणे. मंडीतून ताजी यायला तासभर लागतो, आणि परतते तेव्हा कोथिंबिरीपेक्षा आईच जास्त टवटवीत असते. समोरच्या भाभीचं डोकं दुपारी दुखतं, रोज दोन ते चार, रविवारी नाही, कारण रविवारी तिचा नवरा डोकं चेपायला येतो. चैत्रातलं हळदीकुंकू, भजनी मंडळ, सोमवारचा अचलेश्वर: कॅलेंडर नीट वाचलं तर त्यात चौकटी-चौकटीच्या खोल्याच दिसतात. मी हे प्राध्यापकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘प्रतिरोध की दैनिक रणनीतियाँ. अच्छा है, पर संदर्भ दो.’ संदर्भ म्हणून आजीचं नाव चालत नाही.

माझं निमित्त म्हणजे महाराज बाड्यावरची सेंट्रल लायब्ररी. स्कूटी गॅरेजमध्ये असली की हजिऱ्यावरून टेम्पो धरावा लागतो. ग्वाल्हेरच्या टेम्पोत तिघांच्या बाकावर चौघं बसतात हा नियम आणि त्यातले दोघं पुरुष असले तर गुडघ्यांना किती कोन लागतो ही भूमिती. ‘बहनजी, जरा सरकना,’ असं चालक मलाच सांगतो, कारण मीच आधीपासून सरकलेली असते. सरकणाऱ्यालाच आणखी सरकता येतं, यावर त्याचा विश्वास आहे. अशा वेळी मी बायजाबाईंचा विचार करते.

बायजाबाई शिंदे. ह्या मात्र महाराजांपैकी. दौलतरावांच्या पत्नी, 1827 मध्ये ते गेल्यावर सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हातात होता. घोड्यावर पक्क्या, सावकारीत त्याहून पक्क्या. पुढे दत्तक मुलाशी बिनसलं आणि राज्य सोडावं लागलं. 1835 मध्ये फत्तेगडला त्यांचा तळ होता, तिथे फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांना भेटायला जायची. तिनं हे सगळं प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. मडमेचं खोगीर पाहून छावणीतल्या मराठ्यांच्या बायकांना हसू आवरेना. दोन्ही पाय एकाच बाजूला लोंबकळत ठेवून माणूस घोड्यावर बसतं कसं? मग पार्क्सबाई मराठी पद्धतीनं, दोन्हीकडे पाय टाकून बसून पाहतात आणि त्यांना ते चांगलंच मानवतं. गप्पांत पुढे लग्न झालेल्या इंग्रज बाईचं काही म्हणजे काहीच स्वतःचं राहत नाही, कायद्यानं सगळं नवऱ्याचं, हेही निघतं. तंबूत बसून दोघी आपापल्या बायकांची दुःखं ताडून बघतात. वूल्फबाईंचा जन्म व्हायला तेव्हा जवळपास पन्नास वर्षं होती. मला राहून राहून वाटतं, ती मुंबईची आत्या एका अंगानं बसली असेल, नाहीतर पडली नसती.

आई अजून बाबांच्या मागे स्कूटरवर एका अंगानंच बसते. साडी, पिशवी, मांडीवर कधी कॅलेंडर, कधी कुंडी. बायजाबाईंची गोष्ट मी तिला सांगितली. ती म्हणाली, ‘त्यांच्या घोड्याला खड्डे कळत असतील. तुझ्या बाबांना कळत नाहीत.’

ग्वाल्हेरच्या मुलीला थोर बायकांचा तुटवडा नाही, हे खरं. फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. 1858 च्या जूनमध्ये ती इथेच पडली. तिचा घोडा ज्या ओढ्यावर अडला म्हणतात ती स्वर्णरेखा आता काँक्रीटच्या पन्हळीतून वाहते. राणी लढत होती तेव्हा आमचे महाराज आग्र्याला इंग्रजांकडे होते, त्यामुळे इथला मराठी माणूस समाधीला नमस्कार करून उठतो आणि महाराजांच्या जयविलास पॅलेससमोरून जाताना विषय बदलतो. शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेत निम्म्या मुली राणी होतात. मीही झाले होते. तलवार पुठ्ठ्याची चालते, मुकुट कसलाही चालतो, घोडा नसला तरी बिघडत नाही, पण पाठीला बाहुली बांधलीच पाहिजे, नाहीतर मार्क कापतात. शौर्य गाजवायला हरकत नाही, पोर सांभाळून गाजव.

किल्ल्याच्या पायथ्याला गुजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमरानं मृगनयनीसाठी तो बांधला, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या संधीवर. कथा अशी सांगतात की ही गुजर मुलगी, दोन झुंजणाऱ्या म्हशींना हातांनी अलग करणारी. राजानं मागणी घातली तर तिनं अटी घातल्या: राहायला वेगळा महाल, आणि तिच्या राई गावच्या नदीचं पाणी थेट महालात. राजानं नळ टाकून दिला! खोली तर झालीच, वर चोवीस तास पाणी. वूल्फबाईंना पाण्याचं सुचलंच नाही. त्यांच्याकडे येत असणार. त्याच महालात आता संग्रहालय आहे आणि तिथली सगळ्यात नावाजलेली बाई, ग्यारसपूरची दगडी शालभंजिका, वर्षानुवर्षं जाळीमागे कुलपात राहिली. मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा तिला पाहायला परवानगी लागते असं कळलं. आमच्यातली एक म्हणाली, ‘चलो, अपने जैसी निकली.’

पाण्याचा विषय निघालाच आहे तर टुल्लूचं सांगते. तिघऱ्याच्या धरणातून आम्हाला पाणी येतं. उन्हाळा कडक असला तर एक दिवसाआड, आणि नेहमीच पहाटे. नळाला दाब नसतो म्हणून प्रत्येक घरात टुल्लू, म्हणजे छोटी मोटर. आमच्या टुल्लूचं बटण मागच्या खोलीत, भावाच्या उशाशी. बाबा रोज पावणेसहाला उठून, पाय न वाजवता, तयारीनं दमलेल्या मुलाची झोप न मोडता बटण दाबतात. मशीन पुरुषांचं काम. पुढे टाकी, पिंप, कळशा, हंडे, कुंड्या, कूलर हे आई आणि मी. बाबा नंतर चहा पिताना ‘आज पाणी भरून झालं’ असं म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात कष्टाचं समाधान असतं.

मध्ये पुण्याचं एक स्थळ आलं. व्हिडिओ कॉलवर. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या आईनं आधी माझं मराठी तपासलं, ‘ग्वाल्हेरकडचं’ म्हणून. मी ‘फोन लावते’ म्हटलं तिथे तिची भुवई उंचावली. मग मुलगा आला. म्हणाला, ‘मी पूर्णपणे फेमिनिस्ट आहे. बायकोनं तिचं करिअर करावं, स्वतःची स्पेस घ्यावी.’ बोलणं चांगलं होतं, चेहराही चांगला होता. फक्त तो बोलत असताना फोन थोडा थोडा हलत होता, कारण तो धरून त्याची आई उभी होती. आजीनं एवढं एकच पाहिलं आणि कॉल संपल्यावर बाबांना म्हणाली, ‘मुलगा बरा आहे, पण त्याचे हात दिसले नाहीत.’

मग या पावसाळ्यात आमच्या घरात क्रांती झाली. भावाची निवड झाली. पेढे वाटले गेले, गजक निघाली, आणि तो शिवपुरीला रुजू व्हायला निघून गेला. मागची खोली रिकामी पडली. त्याची बॅग दाराबाहेर पडायच्या आत आईच्या डोळ्यांत गव्हाच्या कोठ्या दिसायला लागल्या होत्या. आजीला देव्हारा तिकडे हलवावासा वाटत होता. बाबा नुसते ‘बघू’ म्हणत होते, म्हणजे त्यांच्या मनात आरामखुर्ची होती. रात्री जेवताना मी मृगनयनीचं स्मरण केलं आणि अटी घातल्या: खोली मला. आतून कडी. आत यायचं तर आधी टकटक करायची.

पंगतीत शांतता पसरली. बाबांनी आमटीचा भुरका घेतला. सगळ्यांना वाटलं आता उग्र प्रकार सुरू होणार. पण आजी म्हणाली, ‘द्या तिला. माझ्या पोथ्या तेवढ्या ठेवून घेईल ती.’ आजीच्या पोथ्या कोणत्या ते मला एकटीलाच माहीत होतं. आईनं दोनच कोठ्या ठेवायच्या बोलीवर होकार दिला. त्या तीन निघाल्या, पण तिसरी बाजरीची आहे, बोली गव्हाची झाली होती.

तर आता मला खोली आहे. टेबल आहे, कडी आहे, पोथीच्या कापडातल्या ‘मेनका’ आहेत. मटार सोलायला कोणी आत येत नाही. टकटक करायची अट बाबा एकदाही मोडत नाहीत. पहाटे पावणेसहाला दार वाजतं, दोनदा, हलकेच, आणि बाहेरून त्यांचा आदबशीर आवाज येतो:

‘मॅडम, मोटर.’